मॅब्रीच्या पोरीची वीस बोअर

व्हर्ना टिलसन आमच्या गावात बंदुकांचे खांद्याला टेकवायचे लाकडी दस्ते मापात कापून द्यायची. मिझुरीच्या या डोंगराळ टोकाला बंदूक घरोघरी, पण मापाची बंदूक शंभरात दहांकडे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती करवत, कानस आणि रबराच्या जाड पट्ट्या घेऊन बसलेली असायची. वय सदुसष्ट, तोंड फटकळ. एप्रिलमध्ये टर्की या रानपक्ष्याची शिकार मोठ्यांना खुली होण्याआधी दोन दिवस फक्त पोरांचे असतात. त्याआधी महिनाभर तिच्या शेडपुढं आया आणि पोरं ताटकळत उभी असायची. बाप क्वचितच.

"बंदूक लाथ मारते यात बंदुकीचा दोष नाही," ती म्हणायची. "ज्या गाढवानं ती पोराच्या हातात दिली, त्याचा आहे."

मी तिचा शेजारी. पशुखाद्याचं दुकान चालवतो. जे सांगणार आहे त्यात मीही स्वच्छ नाही, हे आधीच कबूल करतो.

मार्चमधल्या एका शनिवारी शिकारी क्लबनं जुन्या वाळूच्या खाणीत पोरांचा सराव ठेवला होता. क्लबचा अध्यक्ष ट्रॅव्हिस मॅब्री आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला, लेनीला, घेऊन आला. पोर म्हणजे नुसती काटकी. तिच्या हातात त्यानं स्वतःची बारा बोअर दिली आणि आत साडेतीन इंची काडतुसं भरली. तसलं काडतूस आमच्यातले धट्टेकट्टे गडीसुद्धा दिवसात दोनदा झाडलं की पुरे म्हणतात.

"डॅडी, जड आहे."

"मॅब्रीची आहेस ना? मग किरकिर बंद."

दस्ता इतका लांब, की तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर टेकला. नळी पेलवेना म्हणून पोर मागं झुकली. आता काय होणार हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. चार-पाच जणांनी फोन बाहेर काढले.

बार उडाला. लेनी पाठीवर आपटली आणि तिच्याच मुठीचा अंगठा तिच्या नाकावर बसला. हनुवटीवरून रक्त ओघळलं. बंदूक पलीकडं वाळूत. आणि अख्खी खाण हसली. ट्रॅव्हिस तर गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता. मीही हसलो. तोंडात सॉसेजचा घास होता, तो सांभाळत हसलो.

व्हर्ना गर्दीतून पुढं आली. तिनं बंदूक उचलली, रिकामी केली, काडतुसं खिशात टाकली.

"ट्रॅव्हिस, तू बाप आहेस की सर्कसवाला?"

"गंमत हो, मिस व्हर्ना! एक लाथ खाल्ली की पोरं कणखर होतात. माझ्या बापानं मला असंच शिकवलं."

"दिसतंच आहे," ती म्हणाली आणि त्याच्या बुटांशेजारी थुंकली. मग माझ्याकडं वळली. "आणि तू ते रवंथ थांबव. बर्फ आण."

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या चित्रफितीला गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडला होता. माझ्या दुकानात, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांवर बसून, बापे लोक ती पुन्हा पुन्हा लावत होते. त्यातले तिघे रविवारी चर्चमध्ये पोरांना धडे देणारे.

सोमवारी लेनीची आई तिला व्हर्नाकडं घेऊन आली. नाक सुजलेलं, दंड जांभळा. बाहेर कुणी गाडीचं दार आपटलं तरी पोर दचकत होती.

"मला शिकार नको," लेनी म्हणाली.

"नको तर नको," व्हर्ना म्हणाली. "पण घाबरून नको म्हणत असशील तर तो निर्णय तुझा नाही, तुझ्या बापाचा झाला. बस इथं."

पहिला आठवडा तिनं बंदूक दिलीच नाही. नुसता काठीचा तुकडा खांद्याला लावायला शिकवलं: गाल लाकडाला, नाक पुढं, पोट आत, भार पुढच्या पायावर. मग बारा बोअरपेक्षा बारीक नळीची, स्वतःची जुनी वीस बोअर काढली, दस्ता दीड इंच कापला, मागं जाड रबर बसवलं. दस्त्यात भोक पाडून शिशाचा तुकडाही घातला. जड बंदूक कमी उसळते. पोरीनं ती पेलायची नाही, बसून तिकाटण्यावर टेकवायची. कानांवर जाड झाकणं. सगळ्यांत हलकी काडतुसं.

"आणि शिकारीची मोठी काडतुसं?" लेनीनं विचारलं.

"सरावाला कशाला? पाखरापुढं एकच झाडायचं असतं. तेव्हा धक्का कळतही नाही."

दर चार काडतुसांत ती गुपचूप एक खोटं भरायची. चाप ओढला की नुसता खट् आवाज. त्या वेळी नळी खाली बुचकळली, तर शिकारी आधीच दणक्याला भ्यालाय हे उघडं पडतं. पहिल्या दिवशी लेनीची नळी हातभर खाली गेली. तिसऱ्या आठवड्यात ती हललीसुद्धा नाही. मी कुंपणापलीकडून बघत होतो.

त्याच दिवशी ट्रॅव्हिस तिला न्यायला आला.

"रबर आणि शिसं! पाळणाघर आहे का हे? द्या इकडं."

व्हर्नानं काडतूस भरून बंदूक त्याला दिली. त्यानं पुठ्ठ्यावर काढलेल्या टर्कीच्या डोक्यावर नेम धरला, चाप ओढला. खट्. त्याची नळी जमिनीकडं झुकली, डोळे गच्च मिटले, खांदा कानापर्यंत चढला. बार झालाच नव्हता.

लेनी बघत होती.

"तुझ्या बापानं फार छान शिकवलंय हं तुला," व्हर्ना म्हणाली.

तो लाल होऊन गाडीत जाऊन बसला.

पोरांच्या मोसमाच्या पहिल्या सकाळी व्हर्ना आणि लेनी ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसल्या. बापाचं कमरेचं दुखणं अचानक उपटलं होतं. उजाडल्यावर एक दांडगा नर पिसारा फुलवत पंचवीस पावलांवर आला, आणि लेनीनं तो एका बारात पाडला. नंतर तिनं विचारलं, "मिस व्हर्ना, धक्का बसला का मला?"

इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानाच्या भिंतीवर ट्रॅव्हिसनं फोटो चिकटवला: लेनी, पायाशी टर्की, आणि हातात त्याची बारा बोअर. खाली लिहिलं होतं, 'साडेतीन इंची! मॅब्रीचं रक्त!' पोरीला नाकाजवळ ती बंदूक धरून उभं केलं होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता. आणि मी? फोटो भिंतीवरून उतरवला नाही. गिऱ्हाईक तुटायला नको, म्हणून.

पंधरा दिवसांत पलीकडच्या खोऱ्यातल्या दहा वर्षांच्या पोराचं खांद्याजवळचं हाड तसल्याच काडतुसाच्या दणक्यानं मोडलं. त्याचा बाप माझ्याच दुकानात तो फोटो बघून म्हणाला होता, "पोरीला जमतं तर आपल्या पोराला का नाही?"

मे महिन्यात क्लबचं जेवण झालं. तळलेली टर्की, घेवडा, गोड पाय-पेस्ट्री. ट्रॅव्हिसनं ध्वनिक्षेपकावर लेनीच्या शिकारीचा किस्सा रंगवून सांगायला घेतला. बारा बोअरपाशी आला तशी लेनी खुर्चीवर उभी राहिली.

"खोटं आहे," ती म्हणाली. "ती वीस बोअर होती. मिस व्हर्नाची. दस्ता कापलेला. फोटोत मला ती बंदूक डॅडीनं धरायला लावली. डॅडी तिथं नव्हतेच. आणि त्या पोराचं हाड मोडलंय."

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. शिट्ट्या, वाहवा. फोन वर झाले, चित्रीकरण सुरू.

व्हर्ना उठून बाहेर गेली. मी तिच्यामागं पेकन अक्रोडांच्या पाय-पेस्ट्रीची ताटली घेऊन धावलो.

"ऐकल्यास का टाळ्या? पोरीनं मैदान मारलं."

"पोरीनं मारलंच," ती म्हणाली. "पण याच लोकांनी मार्चमध्ये हेच फोन असेच वर धरले होते. पोर पडली तरी यांना मजा, उठली तरी मजा." तिनं माझ्या हातातल्या ताटलीकडं पाहिलं. "ने ते. यांच्या हातचं मला गिळवत नाही."

'यांच्या'त मी होतो की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही.

लेनीच्या आईनं ती वीस बोअर व्हर्नाकडून मागून घेतली. आता मायलेकीच रानात जातात. फोटो मी दुसऱ्या दिवशी उतरवला, सगळ्यांनाच तो काढावा असं वाटायला लागल्यावर. ऑगस्टमध्ये क्लबची निवडणूक झाली. ट्रॅव्हिस मॅब्री बिनविरोध निवडून आला.