अडुळशाची वंय

मी मुळगाव सोडलं त्या दिवशी बाबा मला बसपर्यंत पोचवायला आले नाहीत. लग्न नुकतंच झालेलं, नवऱ्याची नोकरी वास्कोच्या बंदरात. आई डोळ्यांना पदर लावून रस्त्यावर उभी, आणि बाबा गुडघाभर चिखलात, घरासमोर अडुळशाचे फांटे खोचत बसलेले. लांबूनच ओरडले, "आज फांटे लायना जाल्यार वर्स गेलें गो!" असा राग आला म्हणून सांगू! लेक चालली आणि ह्यांना वंय पडलीय. वंय म्हणजे आमच्याकडचं झाडांचं कुंपण.

त्या वंयीला कारण होतं. खाणीचे ट्रक दारावरून जायचे आणि लाल धूळ घरात. भातावर धूळ, देवांवर धूळ, आणि बाबांच्या छातीत खोकला. म्हणून त्यांनी भराभर वाढणारं काय काय लावलं. अडुळसा आणि निगडी, कारण त्यांना गुरं तोंड लावत नाहीत. मधे मधे आईच्या हट्टाची जास्वंद. दोन पावसाळ्यांत वंय माणसाच्या डोक्यावर गेली. एकदा माहेरी आले तर मी स्वतःच्या घरावरून सरळ पुढे चालत गेले! शेजारीण हसून हसून बेजार.

बाबा रोज सकाळी घागरीने ती पानं धुवायचे. आधी वंय, मग स्वतःची आंघोळ. पानं धुतली नाहीत तर धूळ धरणार कशी, असं त्यांचं म्हणणं.

आई गेल्यावर मात्र मी हट्टालाच पेटले. बाबा एकटे, रात्ररात्र खोकायचे. म्हटलं, वास्कोला चला, समुद्राची हवा आहे. ते म्हणायचे, वंय अजून दाट होऊ दे, मग धूळ येणार नाही. हे किती वर्षं ऐकायचं? शेवटी मीच जाऊन त्यांना घेऊन आले. येताना त्यांनी फांट्यांची मोळी काखेत मारली, दुसरं सामान एक पिशवी.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. बाजारात, बसमध्ये तोच विषय, कोकणी की मराठी. पाववाल्या पोदेराने बाबांना विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे? घरात आम्ही कोकणी बोलतो, पोथी मराठीत वाचतो, हिशेब मराठीत, शिव्या कोकणीत. बाबा म्हणाले, "म्हाका कळना रे." मलाही कळत नव्हतं. पुढे कोकणी राजभाषा झाली, आमचं वेगळं राज्य झालं, मुलांनी शाळेतून पेढे आणले, आम्ही खाल्ले.

आमच्या भाड्याच्या घरापुढे वीतभर जमीन होती. बाबांनी तिथे फांटे लावले आणि एका पावसात ते माझ्या खांद्याला आले. खोकलाही जरा कमी झाला. मी मनात म्हटलं, जिंकले! माणूस रुजला.

पावसाळा सरला, बंदरातली कामं जोरात सुरू झाली. एका सकाळी बाबांनी मला बाहेर हाक मारली. अडुळशाच्या पानावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. लाल.

"ही आमचीच न्हय?"

आमचीच होती. खाणीवरची माती बार्जेसमधून, त्या सपाट मालबोटींतून, नदीने वास्कोला येते, इथे जहाजात भरतात. नवरा रोज तेच काम करून घरी यायचा, त्याचे कपडे मीच धुवायची. आणि तरी बाबांना धुळीतून सोडवायला मी इथे आणलं! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

बाबा चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "मग हांव हांगा कित्याक?" धूळ तीच, तर इथे राहायचं कशाला म्हणे! मी समुद्र म्हटलं, नातवंडं म्हटलं, डॉक्टर म्हटलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि पिशवी भरली.

मुळगावच्या बसमध्ये त्यांना बसवायला मी आत चढले. पिशवी वर ठेवली, खिडकी लावली, पाण्याची बाटली दिली. मग त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती म्हणून बसले. मुळगावात ते एकटे चूल पेटवतील, एकटे खोकतील, मी इथे कशाला उतरू, असं काहीतरी डोक्यात गरगरत होतं. बस सुरू झाली तरी मी बसलेलीच. कंडक्टर वैतागला, "बाय, देंवता काय येता?"

उतरायचं की जायचं, मी बाबांकडे पाहिलं.

"देंव गो," ते म्हणाले. "भुरगीं शाळेंतल्यान घरा येतलीं."

मी उतरले. रडू नाही आलं, रागच आला. माझं घर कुठलं, हे बाबांना इतकं पक्कं माहीत होतं, आणि मला नव्हतं.