धाकट्याच्या वाट्याची घोडी

दादूस बिस्किट कधी अख्खं खात नसे. दोन बोटांत धरून ते उजेडात बघायचा, मधोमध मोडायचा, दोन तळव्यांवर दोन तुकडे ठेवून डोळे मिटून तोलायचा आणि हात पुढे करायचा. "उचल. पहिला तू." आपण एक उचलला की राहिलेला तोंडात टाकून, निकाल वाचणाऱ्या न्यायाधीशाच्या आवाजात म्हणायचा, "हिस्सा म्हंजे हिस्सा!"

आंबा तर तो कोयीसकट चिरायचा. तुम्ही कधी कोय चिरलेली पाहिली आहे का? मी दर उन्हाळ्यात पाहिली. कोयता, कोय आणि दादूसचा अंगठा असा तो तीन पात्रांचा प्रवेश असे, आणि शेवटी रक्त अंगठ्याचंच यायचं. जखमेवर हळद दाबत दादूस समोरच्या भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "वाटे पाडनाऱ्यालाच लागतं!" भिंतीपलीकडून खोकला यायचा. तो त्याच्या धाकट्या भावाचा.

ही भिंत म्हणजे आमच्या नाटकाचा पडदा. फक्त तो कधी वर जात नसे. भाईंदर पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर त्यांचं जुनं घर होतं. मिठागरात वाटा आणि थोडी भातशेती असलेलं पिढीजात घराणं. मी रत्नागिरीकडून येऊन एका मीठव्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झालो आणि दादूसच्या अर्ध्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. अर्ध्या म्हणजे खरोखरच अर्ध्या. वाटणीची भिंत घराच्या मधोमध अशी काही घातली होती की पुढच्या खिडकीचं एक दार इकडे आणि एक तिकडे गेलं होतं. झोपाळ्याची फळी दादूसकडे, कड्या धाकट्याकडे. दोघेही भाऊ जमिनीवर बसत.

त्यांच्यात रीत अशी होती की वाटे मोठ्यानं पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे मोठ्याला लबाडी करायला जागाच नको. ज्यानं ही रीत शोधून काढली, त्यानं दादूसला पाहिलेलं नसणार.

कारण वाटणीत एक गिटार होती. आता मिठागरवाल्याच्या घरात गिटार कुठून, असं तुमच्या मनात आलं असेल. उत्तनचा एक बँडवाला ख्रिस्ती माणूस त्यांच्या वडिलांचा मित्र. गाव सोडून जाताना तो आपली जुनी गिटार देऊन गेला. भारी नव्हेच. पोट पुढं फुगलेलं आणि त्यावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं. दादूस ती आपली आपण वाजवायला शिकला. धाकटा गायचा. राई, मुर्ध्यापासून थेट घोडबंदरपर्यंत कुणाकडे हळद असली की दोघा भावांना बोलावणं. हे दोघे आल्याशिवाय नवरी हळद लावून घेत नसे, असं म्हणत. म्हणणारा बहुतेक दादूसच असायचा, पण ऐकणारे मान डोलवत, हे मी पाहिलं आहे.

या जातीच्या गिटारची एक गंमत आहे. तारांखाली लाकडाचा जो तुकडा उभा असतो, त्याला घोडी म्हणतात. इतर गिटारींना ती पोटाला चिकटवलेली असते. हिला ती नुसती ठेवलेली असते. तारा ताणलेल्या आहेत तोवर त्यांच्या दाबानं उभी. तारा सोडल्या की घोडी हातात येते.

दादूसनं वाटे पाडताना तारा सोडल्या. एका वाट्यात त्यानं गिटारचा सांगाडा ठेवला आणि सोबत फुटके रांजण. दुसऱ्यात पितळेची भांडी मांडली आणि मोठ्या घागरीत हळूच घोडी टाकली. हिशेब सरळ होता. घोडीवाचून गिटार भंगार वाटेल, धाकटा पितळेला भुलेल, गिटार आपल्याकडे राहील. घोडी काय, लाकडाचा तुकडा, दुसरी करू.

हा प्रवेश मी दोन्ही नटांकडून वेगवेगळा ऐकला आहे. भाषणं प्रत्येकानं आपापली वाढवून घेतली होती, पण शेवट दोघांचा एकच. धाकट्यानं पितळेचा वाटा उचलला. मग पंचांसमोर घागरीत हात घातला, घोडी काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात थोपटून म्हणाला, "हिस्सा म्हंजे हिस्सा, दादूस."

तर असं आहे. ते वाक्य मुळात दादूसचं नव्हतंच.

मी राहायला आलो तेव्हा गिटार पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगलेली होती. ती खाली उतरली दादूसच्या लेकीमुळे. आई लहानपणीच गेलेली ही मुलगी. तिला काकीनं भिंतीला वळसा घालून येऊन वाढवलं होतं. तिचं लग्न ठरलं तेव्हा दादूसनं विचारलं, "बाय, तुला काय पायजे?" ती म्हणाली, "माझ्या हळदीला तू वाजव, नि काकाला गाऊ दे. दुसरं काय न्हाय."

दादूसनं आढ्याकडे पाहिलं. मग शिडी आणली.

पोतं सोडलं आणि खाऱ्या हवेनं काय करून ठेवलं होतं ते दिसलं. पोटाला लांब चीर, पाठ एका कडेनं सुटलेली, खुंट्या गंजून मुंग्यांच्या वारुळासारख्या झालेल्या. लाकूड चिकटवायला दादूसनं हाडांचा सरस शिजवला. त्या वासानं माझी खोली आठवडाभर मेलेल्या बैलासारखी झाली. "कारकून, नाक मिट, तोंडानं श्वास घे," हा त्याचा उपाय. चीर जोडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी त्यानं गिटार अशी करकचून बांधली की पाहुणे विचारत, कुणाचा पाय मोडला? आतल्या सुटलेल्या पट्टीला सरस लावायला भोकातून वाकडी तार घालायची आणि लेकीचा आरसा धरून बघायचं. आरशात उलटं दिसतं हे तो दर वेळी विसरायचा. सरस पट्टीला सोडून सगळीकडे लागायचा आणि शिव्या मात्र नेमक्या भिंतीपलीकडे लागायच्या. आषाढात पाठ पुन्हा सुटली. त्यानं पुन्हा जोडली. लाखेचं पॉलिश चढवलं. नव्या खुंट्या, नव्या तारा मुंबईहून आल्या. गिटार नवरीसारखी दिसू लागली.

राहिली होती फक्त घोडी.

पहिली त्यानं सागाची केली. वाजवली. बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज आला. मग चिंचेची केली, मग बाभळीची, मग माझ्या खाटेच्या पायाची. ती खाट पुढं विटेवर उभी राहिली. नापास घोड्या खिडकीत रांगेनं उभ्या राहू लागल्या. "दादूस, पागा वाढतेय," मी म्हणायचो. तो हसायचा नाही.

आवाज बसत नव्हता, कारण घोडीचे पाय गिटारच्या फुगीर पोटावर नीट टेकत नव्हते. कुठलाही सुतार अशा वेळी पाय घासतो. दादूस काचकागद घेऊन पोटच घासायचा.

"अहो, पाय घासा ना!"

"पोट माझ्या वाट्याचं हाय. मी पायजे तसं घाशीन."

मी दुसरा मार्ग धरला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चहा मिळणारा त्या घरात मी एकटाच होतो. धाकट्याकडे गेलो. तो दादूसची आवृत्ती, फक्त मिशी नसलेली. म्हणालो, "ती घोडी पडूनच आहे ना तुमच्याकडे?"

"पडून कशी? तेल लावून ठेवलीय. दादूसनं मांगितली तर देईन."

मी धावत इकडे. "मागा, देतो म्हणाला."

"मांगू? त्यानं आनून दिली तर घेईन."

मी पुन्हा तिकडे. निरोपात मी वाटेतच थोडी साखर घालत असे. पण भिंतीतून दोघांना मूळ संवाद ऐकू येत असल्यानं ती फुकट जायची. "आनून देऊ?" धाकटा माझ्या तोंडावर पण भिंतीकडे बघून म्हणाला, "घागरीत कोनी टाकली होती? मी?"

भिंतीपलीकडे दादूसच्या कोयत्याचा आवाज झाला. आंब्याचे दिवस नव्हते. बहुतेक नारळ असावा.

लग्न वैशाखात होतं. हळदीच्या आदल्या सकाळी लेक भिंतीला वळसा घालून गेली आणि परत आली तेव्हा तिच्या ओच्यात घोडी होती. काळी, तेलानं चमकणारी, एवढीशी. दादूसनं ती हातात घेतली आणि काय सांगू, त्या दांडगट माणसाचा चेहरा पहिल्यांदा पेढा हातात आलेल्या पोरासारखा झाला. अंगठ्यानं तिच्या खाचा चाचपल्या. गिटारकडे हात गेलाच होता. मग थांबला.

"त्यानं दिली, का तू मांगितली?"

लेक खोटं बोलू शकली असती. मी मागून तिला डोळ्यांनी, हातांनी, सगळ्या अंगानं खुणावत होतो. पण तीही त्याच घरची. "मी मांगितली," ती म्हणाली. "तुझ्यासाटी."

"माझ्यासाटी. म्हंजे माझ्या नावानं मांगनं झालं." त्यानं घोडी माझ्या हातात ठेवली. "कारकून, देऊन ये."

"बाबा, माझी हळद हाय!"

"हिस्सा म्हंजे हिस्सा."

मी घोडी परत नेली. धाकटा दारातच उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. गळ्याला लोकरीची पट्टी गुंडाळली होती. वैशाखात! गळा जपत होता बिचारा. त्यानं घोडी घेतली, पट्टी सोडली आणि दार लावून घेतलं.

हळदीला भाड्याची बेंजो पार्टी आली, कर्णा लावून. मंडळी खूष झाली, नाचली. काका आला, पुतणीच्या गालाला हळद लावली, बसला, उठून गेला. दादूस मांडीवर हात ठेवून बसून होता. उजव्या हाताची बोटं मात्र मांडीवर हलत होती. लेक दोन्ही गाल दुखेपर्यंत हसली. सासरी जाताना माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "भाऊ, भिंतीला जपा. ती पडली तर या दोघांना टेकायला काय न्हाय."

त्यानंतर किती वर्षं गेली! मिठागरांवर माती पडू लागली, इमारती उभ्या राहू लागल्या, माझं लग्न झालं, खोली सुटली, पण मी रविवारी दादूसकडे जात राहिलो. त्याची पागा खिडकीत मावेना. घोडी बसवायची, वाजवायची, पोट घासायचं. पॉलिश कधीच उडालं होतं. मधलं लाकूड पातळ होऊन खळगा दिसू लागला होता. "आता बसंल," तो म्हणायचा. "जवल आलंय."

मग धाकटा गेला. छातीचं दुखणं, दोन दिवसांत. दादूस भिंतीला वळसा घालून त्या घरात गेला, तो वाटणीनंतर पहिल्यांदाच. मी सोबत होतो. त्यानं भावाला खांदा दिला, सगळं केलं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तेराव्यानंतर धाकट्याच्या बायकोनं घोडी आणून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं विचारण्याआधीच म्हणाली, "कोनी मांगितली न्हाय. त्यांनीच सांगून ठेवलं होतं. दादूसला दे म्हनून."

घरी येऊन त्यानं गिटार मांडीवर घेतली. नवी तार चढवली. घोडी पोटावर ठेवली.

ती डुगडुगली.

त्यानं जरा सरकवली. पुन्हा डुगडुगली. एक पाय टेकला की दुसरा अधांतरी. ज्या पोटावर ती कधी काळी झाडाला फांदी असावी तशी बसत होती, ते पोट राहिलंच नव्हतं. त्यानंच घासून संपवलं होतं.

मला ते बघवेना. म्हणालो, "दादूस, घोडीचे पाय थोडे घासा. दहा मिनिटांचं काम. द्या इकडे, मी घासतो."

त्यानं घोडी मुठीत घट्ट धरली.

"तिला हात लावू नको. त्याचा वाटा हाय. त्याच्यातलं मी कसं कमी करू?"

इतक्या वर्षांत तो एवढं मऊ कधी बोलला नव्हता, आणि एवढं मूर्खपणाचंही. त्यानं तार उतरवली. त्यापुढं गिटार खाटेवर आडवी पडलेली असायची आणि तिच्या पोटावर ती घोडी, तारांशिवाय, नुसती उभी. रस्त्यावरून मातीचा ट्रक गेला की पडायची. दादूस बिस्किट खाली ठेवून ती उचलून पुन्हा उभी करायचा. बिस्किट अजूनही मोडायचा, पण हात पुढं करताना आता भिंतीकडे करायचा. आणि राहिलेला तुकडा खायचा नाही, मुंग्या खायच्या.

तोही गेला. दोन्ही अर्धी घरं एका बिल्डरनं घेतली. मजुरांनी सगळ्यात आधी मधली भिंत पाडली, कारण तीच सगळ्यात कच्ची होती. मी गेलो तेव्हा पुढच्या खिडकीची दोन दारं बऱ्याच वर्षांनी शेजारी शेजारी दिसली. घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं, एक झालेलं. चुन्याची धूळ अजून खाली बसत होती.

त्या धुळीत लेक उभी होती आणि धाकट्याचा मुलगा, तिचा चुलतभाऊ. दोघांचं चांगलं, तो तिला ताई म्हणतो. गिटार आणि घोडी समोर पाटावर होती. "आठवन म्हनून काहीतरी तू घे, काहीतरी मी घेते," लेक म्हणाली. तिनं दोन्ही वस्तू दोन बाजूंना सरकवल्या आणि हसली. "मी मोठी. तू पहिला उचल."

त्यानंही हसून घोडी उचलली, आणि खिशात टाकली.