उलट्या हत्तीपाशी

बातमी आली तेव्हा मी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या बागेत होते. फोन माझ्या लेकीचा, अश्विनीचा. "आई, आत्या गेल्या," एवढंच म्हणाली. आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, सोजरबाई. माझ्या विहीणबाई. कित्येक महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, तेव्हा बातमी अगदी अनपेक्षित होती असं नाही. तरी मी तटाला हात टेकून उभी राहिले. तिथे तटात एक कोरीव दगड उलटा बसवलेला आहे. दगडावर हत्ती आहे आणि त्याचे चारी पाय आभाळाकडे. याच हत्तीपाशी रोज सकाळी आमची गाठ पडायची. गाठ पडायची म्हणजे आम्ही एकमेकींना ओलांडून जायचो. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात आम्हा दोघींचा मूर्खपणा आहे आणि तो सांगितल्याशिवाय सोजरबाई कळायच्या नाहीत.

सुरुवात लग्नापासून झाली. सोजरबाई करकंबच्या. नवरा लवकर गेला, ऊस आणि गुरं सांभाळत त्यांनी एकुलत्या मुलाला शिकवलं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि आमच्या अश्विनीला पसंत पडला. सगळं जमलं. लग्नात मात्र विहिणीचे पाय धुवायची वेळ आली, परात-तांब्या पुढे आला, आणि मी म्हणाले, "वाकून नमस्कार करीन. पाय धुणार नाही." मी उभा जन्म सरकारी कचेरीत काढलेला, साहेबापुढेही कधी मान तुकवली नव्हती, मुलीची आई झाले म्हणून तुकवू? मी तेव्हा बरोबर होते आणि आजही हेच म्हणेन. विहिणीच्या पंगतीला रांगोळ्या, समया, चांदीचं ताट, सगळा थाट होता. सोजरबाई पाटावर बसल्या, ताटाला हात जोडले आणि पोटात दुखतंय म्हणून उठून गेल्या. पोटात काय दुखत होतं ते सगळ्या मांडवाला ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांनी माझ्या घरचं अन्न घेतलं नाही. जुळे सोलापूर या भागात माझं घर आणि त्यांचं घर यांत दोन गल्ल्यांचं अंतर, कारण मुलानं आईला गावाहून इथेच आणलं. सणावाराला येणं-जाणं व्हायचं. पण मी ताट वाढलं की, "आज उपास हाय वो." संकष्टी नाही, एकादशी नाही, तरी उपास. चहासुद्धा नाही. मीही पक्की, आग्रह करायची नाही. मधल्यामध्ये अश्विनीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. पोर दोन्ही घरांत हसत वावरायची आणि आतून झुरायची. मला ते दिसत होतं, सोजरबाईंनाही दिसत असणार. पण आधी कोण वाकणार, हा प्रश्न होता.

पुढे आम्हा दोघींना साखर निघाली. दोघींचे डॉक्टर वेगळे, सल्ला एकच... रोज चाला. मी किल्ल्याच्या बागेत जायला लागले, आणि आठवडाभरात बघते तर जावईबापू स्कूटरवरून आईला त्याच दरवाजाशी सोडताहेत. बागेत तटाच्या कडेनं गोल वाट आहे. बाईंच्या बरोबरीनं चालायचं कसं, आणि मागून चालावं तर पाठलाग केल्यासारखं दिसायचं. मी आपली डावीकडे वळले. त्यांनीही मला पाहिलं आणि ठसक्यात उजवीकडे वळल्या. दोघींनाही वाटलं, सुटलो. गोल वाटेवर उलट दिशांना चालणारी माणसं दर फेरीत दोनदा समोरासमोर येतात, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही! एकाच दिशेनं थोड्या अंतरानं चाललो असतो तर तोंड बघावं लागलं नसतं. पण आता दिशा बदलणं म्हणजे माघार. ती कोण घेणार?

म्हणून एकदा उलट्या हत्तीपाशी आणि एकदा दरवाजाजवळच्या कडुनिंबाखाली, अशा आम्ही भेटत राहिलो. मी बुरुजाकडे बघायची, त्या खंदकाकडे. पुष्कळ दिवस असंच चाललं. मग एकदा तटापाशी त्या थांबल्या आणि दगडाकडे बघत म्हणाल्या, "ह्यो हत्ती उलटा हाय व्हय वो?" मी सोलापुरात लहानाची मोठी झाले, शाळेच्या सहलीपासून हा किल्ला बघतेय, मला हत्ती कधी दिसलाच नव्हता. मी दगडाकडे बघत पुढे गेले आणि कडुनिंबाखाली भेट झाली तेव्हा म्हणाले, "हो, उलटाच आहे." त्या पुढे गेल्या. पुढच्या भेटीला हत्तीपाशी उत्तर आलं, "घाईत बसिवला आसंल. लग्नघाईत आसंच हुतंय." हा टोमणा होता की समजूत, याचा विचार करत मी अख्खी फेरी घातली.

तिथून बोलणं सुरू झालं. पण बोलणं तेवढंच, एका भेटीला एक वाक्य. थांबायचं नाही, वळायचं नाही. एकीनं विचारायचं, दुसरीनं अर्धी फेरी विचार करून उत्तर द्यायचं. समोरासमोर बसून बोललो असतो तर दुसऱ्याच वाक्याला भांडलो असतो, ही माझी खात्री आहे. मधल्या चालण्यानं शब्द निवत. अश्विनीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, त्या दिवसांतही आम्ही असंच बोललो. "पोर जेवत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी येऊ का?" मी कडुनिंबाखाली विचारलं. हत्तीपाशी उत्तर आलं, "इचारताय काय? आई हाय न्हवं तुमी." त्या दिवशी मी फिरणं सोडून तशीच त्यांच्या घरी गेले.

एका गोष्टीचं मला नेहमी नवल वाटायचं. हत्तीपाशी पोचायच्या आधीच बाईंना माझं मन कळलेलं असायचं. सकाळी तिथे ऊन थेट माझ्या डोळ्यांवर यायचं. मी कपाळावर हात धरून चालायची, आणि समोरून नुसती एक काळी आकृती येताना दिसायची, नऊवारीतली, पायात मुलानं आणलेले पांढरे बूट. जवळ आल्यावर बघावं तर चेहरा आधीच हसरा. आणि वाक्यही तयार, "रात्री झोप न्हाई लागली वाटतं," किंवा "आज भांडून आलाय जणू घरात." अगदी बरोबर. आमच्या यांच्याशी खरोखरच वाजलेलं असायचं. एकदा मी चिडून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "कळतंय की." मला वाटायचं, अश्विनी आमच्या घरातलं सगळं त्यांच्या कानावर घालते. त्यावरून मी तिला एकदा बोललेही होते.

पुढे पुढे त्या म्हणायच्या, "एक डाव माज्या बाजूनं चालून बगा की. लई झ्याक दिसतंय." मी म्हणायची, "माझी बाजू काय वाईट आहे?" हसून सोडून द्यायच्या.

एका रविवारी त्यांनी मला किल्ल्याचा फलक मोठ्यानं वाचायला लावला. वेढे, लढाया, राजवटी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते समदं खरं, पर हितं सैपाक कुटं करत हुते?" फलकावर ते नव्हतं. मग आम्ही दोघी किल्ल्याचं स्वयंपाकघर शोधत हिंडलो. बुरुजावर चढलो, जुन्या देवळाच्या खांबांमधून फिरलो, प्रत्येक कोनाड्यात काजळी दिसते का ते बघितलं. एकत्र चाललो आम्ही ते त्या एकाच दिवशी. स्वयंपाकघर सापडलं नाही. शेवटी तलावाच्या बाजूच्या तटाजवळ बसलो. त्यांच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, माझ्याकडे पोळी-भाजी. मी डबा पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज उपास हाय." हातात भाकरीचा तुकडा होता! मला हसू आलं आणि मी डबा मागे ओढला... इतकी वर्षं झाली, एवढं बोललो, तरी ते ताट अजून तिथंच होतं.

मग त्यांचा एक पाय अधू झाला. साखरेनं पायाची जाणीव कमी झालेली, बुटात शिरलेला खडा टोचत होता ते त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली, अंगठा काढावा लागला, चालणं बंद. डॉक्टर म्हणाले, दुसरा पाय तरी जपा. रोज कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा. अश्विनीची नोकरी, जावईबापूंची कारखान्यातली पाळी. दुपारी घरात त्या एकट्या. मी जायला लागले. पहिल्या दिवशी परात घेतली, तांब्यात कोमट पाणी घेतलं आणि खाली बसले. तोवर माझ्या खरंच मनात काही आलं नव्हतं. पाऊल परातीत घेतलं आणि दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मान वर केली नाही. टाचेच्या भेगा, कधीकाळच्या जोडव्यांचे वळ, सगळं हलक्या हातानं धुतलं. बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "विहीणबाई, मानाचं लुगडं ऱ्हायलं की."

"ते लग्नातलं," मी म्हणाले. "हे डॉक्टरांनी सांगितलेलं आहे."

"व्हय व्हय. डाक्टरचंच." मी बेचक्या टिपत होते. मग म्हणाल्या, "डब्यात काय आणलंय तुमच्या? वाढा. भूक लागलीया मला."

माझ्या डब्यात भाकरी आणि दोडक्याची भाजी होती. चांदीचं ताट नव्हतं, समई नव्हती. मी त्यांच्याच स्टीलच्या ताटलीत वाढलं आणि त्यांनी सगळं पुसून खाल्लं. संध्याकाळी अश्विनीला हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी राहून कितीतरी वेळ नळ सोडून तेच भांडं घासत होती. त्यानंतर जाईपर्यंत सोजरबाईंनी माझ्या हातचं खाल्लं. मीठ कमी आहे म्हणून नावंही ठेवली.

दिवसकार्य आटोपल्यावर मी पुन्हा बागेत जायला लागले. पाय आपोआप डावीकडे वळायचे. हत्तीपाशी ऊन डोळ्यांवर यायचं आणि कपाळावर हात धरून मी काळी आकृती शोधायची. कितीतरी बायका यायच्या, ती यायची नाही. मागच्या रविवारी अश्विनी म्हणाली, मीपण येते. दरवाजातून आत शिरलो आणि मी तिला म्हटलं, "तू माझ्या बाजूनं जा. मी तुझ्या आत्यांच्या बाजूनं येते." ती डावीकडे वळली.

मी उजवीकडे वळले. बाग तीच, तट तोच. हत्ती जवळ आला तेव्हा सूर्य माझ्या पाठीशी होता. आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर ऊन पडलं होतं. कोण चिंतेत आहे, कुणाची झोप झालेली नाही, कोण एकटंच हसतंय, सगळं लांबूनच लख्ख दिसत होतं... मी जागीच थांबले. इतकी वर्षं ही बाई रोज सकाळी माझा चेहरा असा पुरता बघत आली होती. मी डोळे किलकिले करत येत होते, आणि तिनं तेवढ्या वाटेत माझं दुखणं ओळखून, हसू तयार ठेवून, एक वाक्य निवडलेलं असायचं. पोरीनं चुगल्या केल्या नव्हत्या. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग वळणावरून अश्विनी आली. कपाळावर हात, डोळे बारीक केलेले. मी तिला दिसत नव्हते, नुसती आकृती असणार. मला मात्र तिच्या पापण्यांपर्यंत सगळं दिसत होतं. मागच्या वळणावर, एकटी असताना, ती रडली होती. मी पदरानं तोंड पुसलं आणि ती जवळ येईतो हसू आणलं.

"रडलीस होय गं?" मी म्हणाले.

ती थबकली. "तुला कसं कळलं?"

"कळतंय की," मी म्हणाले, आणि तिला ओलांडून पुढे चालू लागले.