पडद्याच्या कापडातली हार्ड डिस्क

शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात मी काउंटरवर पिशवी ठेवली आणि जरा घोगरा आवाज काढून म्हणालो, "ह्यात आमच्या घरातले सगळे फोटो आहेत. जपून हाताळा."

दुकानदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पिशवीचं बटण काढलं, आतली वस्तू उलटसुलट करून बघितली आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "पावणं, ही साखर तपासायची मशीन हाय."

मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एक म्हणालं, "मग फोटो गोडच आलं आसतील की."

यात चूक माझीच. पण थोडी बायकोच्या शिवणयंत्राचीही म्हणायला हरकत नाही. दिवाणखान्याचे पडदे बदलले तेव्हा जुन्या पडद्यांतून तिनं घरातल्या एकूण एक उपकरणाला पिशवी शिवली होती. निळ्या कापडावर पिवळी पानं. रक्तदाबाची मशीन, साखरेची मशीन, टीव्हीचा रिमोट, माझी हार्ड डिस्क, सगळ्यांचा एकच गणवेश. निघताना मी कपाटातली हाताला लागली ती पिशवी उचलली. उघडून बघायला हवी होती. पण खरं सांगतो, ती हार्ड डिस्क डोळ्यांसमोर यावी असं मला वाटतच नव्हतं. चार दिवसांत तिची इतकी शिसारी बसली होती, की पिशवीचा रंग दिसला तरी तोंड कडू व्हायचं.

चार दिवसांपूर्वी, सोमवारी, गडमुडशिंगीहून मेहुण्याचा फोन आला होता. रविवारी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. त्यांना बायको आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणायचो. आबांनी जन्मभर शेती केली आणि दारात म्हशी पाळल्या. फोटो मात्र कधी नीट काढून दिला नाही. कॅमेरा दिसला की माणूस खांबासारखा ताठ व्हायचा, डोळे वटारायचा. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ते लग्न मोडायला आल्यासारखे दिसतात.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "फ्रेमवाला शनवारी दुपारपातूर फोटो द्या म्हणतोय. त्यो म्हशीसंगटचा तुमच्याकडंच हाय न्हवं? न्हाय गावला तर आधारकार्डावरचाच मोठा करून लावतो."

आधारकार्डावरचे आबा म्हणजे दुसऱ्याच्या रानात ऊस मोडताना सापडलेला माणूस. बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "त्यो लावलास तर मी हार घालणार न्हाय," एवढंच म्हणाली आणि फोन परत माझ्या हातात दिला.

म्हशीसोबतचा फोटो मी बायकोच्या मोबाइलवर काढलेला. आबांना पत्ता न लागू देता, दिवाळी पाडव्याला, गोठ्याच्या दारात. त्यात ते हसत होते. त्यांचा हसतानाचा तेवढा एकच फोटो जगात होता, आणि तो फक्त माझ्या हार्ड डिस्कमध्ये होता. फक्त तिथंच का, तर तीही माझीच कर्तबगारी. बायकोचा मोबाइल भरला होता. मी ऐटीत म्हणालो होतो, दे इकडं, सगळे फोटो सुरक्षित ठेवतो. ठेवले, आणि मोबाइलमधले पुसून टाकले. मुलगी म्हणत होती, इंटरनेटवरही एक प्रत ठेवा. मी म्हणालो, आपल्या घरातली माणसं कुठल्या परक्या देशातल्या कपाटात कशाला ठेवायची? आपल्या कपाटात असलेली बरी. टाळी घ्यावी असं वाक्य होतं. त्या वाक्याचीही आता किळस येते.

मेहुण्याचा फोन ठेवून मी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली. दिवा लागला. लॅपटॉप 'टिंग' म्हणाला, म्हणजे पाहुणा आला. आणि मी खुर्ची पुढं ओढेपर्यंत 'टुंग' म्हणाला, म्हणजे पाहुणा गेला. टिंग, टुंग. टिंग, टुंग. दारात उभं राहून आत येऊ की नको करणाऱ्या माणसासारखं. पहिल्या दिवशी मी तिला समजावलं. वायर काढली, तिची खाच फुंकली, वायर उलटी करून लावायला गेलो तर उलटी जाईना. दुसऱ्या जागी लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग लक्षात आलं की वायर थोडी डावीकडं दाबून धरली तर दिवा टिकतो. मग काय, एका हातानं दाबून धरायची, दुसऱ्या हातानं फोटो शोधायचे. फोल्डरना मी दिलेली नावं 'नवीन', 'नवीन नवीन', 'इतर', 'इतर मधले', 'हे शेवटचं'. 'नवीन नवीन' उघडेपर्यंत बोटाला मुंग्या यायच्या, अंगठा हलायचा आणि टुंग.

मंगळवारी मी तिच्या वायरीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. खाली काड्यापेटी सरकवली, वरनं रबर गुंडाळलं. टेबलावर आडवी पडलेली ती काळी वडी, तिच्या तोंडात चिमटा, पोटाशी काड्यापेटी. हॉस्पिटलातलंसुद्धा दृश्य इतकं ओंगळ नसतं. हात लावला की चिकट लागायची. कशानं चिकट, ते मी बघितलं नाही. पुसून परत पिशवीत घालायचो आणि बटणाच्या काजातून वायर बाहेर काढायचो.

ऑफिसातला एकजण म्हणाला, गरम होत असेल, फ्रीजमध्ये ठेवा. शहाणा माणूस आहे, स्वतःची गाडीसुद्धा स्वतः दुरुस्त करतो. बुधवारी मी तीही नाटकं केली. दोन तासांनी बाहेर काढली तर डिस्क तशीच, फक्त तिला लसणाच्या चटणीचा वास. नंतर फोटो शोधताना तो वास बोटांना, बोटांचा वास चहाच्या कपाला. चहा ओतून दिला.

गुरुवारी तर तिनं हद्द केली. टिंग झालं आणि लॅपटॉपवर एक चौकोन आला. ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? म्हणजे आतलं सगळं पुसून टाकू का? आणि खाली दोन बटणं, त्यातलं होकाराचं आधीच ठळक केलेलं. मला लॅपटॉपच्या चौकोनांना हो म्हणायची सवय आहे. काय विचारलंय ते मी कधी वाचत नाही, विमा असो की लॅपटॉप. बोट माउसवर होतंच.

"थांबा!" मागून बायकोचा आवाज आला. "आवं, काय इचारतंय ते वाचा तरी."

वाचलं. बोट उचललं. बायको माझ्याकडं बघत होती आणि मी लॅपटॉपकडं. तिला मी काय सांगणार? की तुझ्या बापाचं हसू मी आत्ता एका बोटानं पुसत होतो?

"उद्या दुकानात न्या," ती म्हणाली. "तुमच्यानं व्हायचं न्हाय हे."

म्हणून शुक्रवारी मी शाहूपुरीत साखरेची मशीन घेऊन उभा होतो.

दुकानदार माझ्याच वयाचे. रोज जयसिंगपूरहून येतात आणि संध्याकाळच्या रेल्वेगाडीनं परत जातात. "साडेपाचच्या आत या," ते म्हणाले, "नंतर मी सोताची आई आली तरी थांबत न्हाय." मी स्कूटरवरून घरी गेलो, कपाटातली दुसरी निळी पिशवी काढली, या वेळी उघडून बघितली, नाक मुरडलं आणि परत आलो.

त्यांनी डिस्क बाहेर काढली, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ती नाकाला लावली. माझ्याकडं बघितलं. लसणाचा खुलासा टाळून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मग त्यांनी वायर लावायच्या खाचेत बॅटरीचा उजेड मारला, डोळा बारीक केला आणि एकदम डिस्क लांब धरली.

"पान खाऊन थुकलंय का कोण ह्यात?"

"छे हो!"

"मग हे लाल काय हाय? बघा."

बघितलं. एवढ्याशा खाचेत लालसर, पिवळसर, काळपट असा थर बसला होता. वाळलेला, भेगाळलेला. कडेला तांदळाचा एक दाणा रुतलेला. आणि मधोमध मुंग्या. मेलेल्या, चपट्या झालेल्या, चार का पाच. चार दिवस हीच खाच मी तोंडाजवळ धरून फुंकत होतो.

आणि मग डोक्यात उजेड पडला.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची पद्धत आहे. वडील शेतातलं खुरपं, कोयता, मोट बंद झाल्यावर पंपाचं इंजिन पुजायचे. माझ्याकडं कोयता नाही. मग विळी, शिवणयंत्र, स्कूटर आणि लॅपटॉप. पाच वर्षांपूर्वी त्यात हार्ड डिस्कची भर पडली. घरातल्या सगळ्या आठवणी हिच्यात, मग हिचा मान मोठा, असं मी त्या वेळी सगळ्यांना ऐकवलंही होतं. फुलानं पाणी शिंपडायचो. मग ओलं हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वर गुळाचा खडा. कुंकू लावायचं ते कपाळाला. या डिस्कला कपाळ नाही, पण एका बाजूला ती छोटी खाच आहे, आणि समोर उभी करून ठेवली की तीच बाजू चेहऱ्यासारखी दिसते. मग तिथंच, दरवर्षी, अगदी मनापासून, अंगठ्यानं दाबून. दसऱ्याला सोनं वाटून आलो की पुसल्यासारखं करायचो आणि पिशवीत घालून बटण लावायचो.

हे सगळं, आणि आबांच्या फोटोचंही, मी दुकानदारांना सांगितलं. मगाचं गोडवालं गिऱ्हाईक अजून तिथंच होतं. या वेळी ते हसलंसुद्धा नाही.

"आमी बी पूजा करतो की," दुकानदार सावकाश म्हणाले. "ह्या सगळ्या मशीनींची. पर पाठीवर टिकली लावतो, बोटाच्या टोकानं. तोंडात न्हाय घालत."

"समोरून तेच कपाळ वाटलं हो."

"आणि गूळ?"

"नैवेद्य."

"गिळला की मुंग्यांनी," ते म्हणाले आणि कामाला लागले.

सुई, जुना दातांचा ब्रश, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस. खरवडून निघालेली घाण ते एका कागदावर ठेवत होते. पाच दसरे तिथं चिमूटभर ढिगात पडले होते. मी तिकडं बघत नव्हतो, पण नजर परत परत तिकडंच जात होती. वीस मिनिटांनी त्यांनी नवी वायर लावली. टिंग. आम्ही दोघांनी वाट बघितली. टुंग आलं नाही. डिस्क हलवली, आडवी केली, टेबलावर जरा आपटली. नाही आलं.

"पर हिच्यावर आता इस्वास ठेवू नका," ते म्हणाले. "आत पानी गेलंय का काय ठावं न्हाय. आधी तुमचा म्हातारबा काढू, मग बाकीचं."

'इतर मधले' या फोल्डरमध्ये, बायकोच्या मावशीच्या घराच्या वास्तुशांतीच्या फोटोंनंतर, एकदम ती म्हैस आली. शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोवलेली, गळ्यात कवड्यांची माळ. तिच्या कपाळावर कुंकू लावताना वाकलेले आबा, पटका मागं सरकलेला, तोंड उघडून हसत असलेले. दुसरा हात तिच्या डोळ्याशी. मला वाटलं, लाडानं ठेवलाय.

"म्हस झ्याक हाय," दुकानदार म्हणाले. मग जरा थांबून, "म्हातारा बी झ्याक हाय." त्यांनी तो फोटो दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतला, बाकीचे फोटो घ्यायला लावून ठेवले, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "गाडी गेली. आता मागनं यष्टीनंच जातो."

घरी आलो तेव्हा बायको कणीक मळत होती. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि फोटो मोठा केला. ती पिठाचे हात तसेच वर धरून वाकली.

"काय झालतं त्या डिस्कला?" तिनं फोटोवरची नजर न काढता विचारलं.

"खाचेत कचरा."

"कसला?"

सांगितलं. कुंकू, हळद, अक्षता, गूळ, मुंग्या. खंडेनवमी. पाच वर्षं. ती हसेल असं वाटलं होतं, नाहीतर निदान कपाळावर हात मारून घेईल. तिनं दोन्ही केलं नाही. पिठाचं बोट तिनं लॅपटॉपच्या काचेजवळ नेलं, न टेकवता, आबांच्या त्या दुसऱ्या हातापाशी.

"बघा," ती म्हणाली. "कुकू डोळ्यात पडू ने म्हणून आबांनी खाली हात धरलाय. म्हशीच्या डोळ्यात."