दांडग्याचा पाय

आमची मावशी लॉजच्या चादरी घरी आणून इस्त्री करायची, आयुष्यभर तेच केलं तिनं. मोठी चादर एकटीनं घडी करायची म्हणजे एक काठ हनुवटीखाली दाबायचा, हात लांब करायचे आणि टोकाला टोक लावायचं. हनुवटी अडकली की बोलता येत नाही, मग ती नुसती ऐकत राहायची. घरात काय चाललंय ते तिला कानानंच कळायचं.

तिचा एकुलता एक पोरगा दांडगा. नाव थट्टेनं पडलेलं, होता काडीसारखा. हृदयच कमजोर, जन्मापासून. गॅरेजमधलं काम झेपेना तेव्हा घरी बसला, आणि मग दिवसभर आतल्या खोलीत खाटेवर पडून हेडफोन लावून एकच रेकॉर्ड ऐकायचा आणि खाटेच्या फळीवर पाय आपटायचा. धाडधाड, धाडधाड. गाणं मावशीला कधी ऐकूच आलं नाही, फक्त पाय. आधी आधी ओरडायची, मेल्या खाट मोडशील. नंतर तिला त्या पायाची सवयच लागली. पाय वाजतोय म्हणजे पोरगं ठीक आहे. मधेच पाय थांबायचा तेव्हा ती हातातलं टाकून दारात जायची, तर हा डोळे मिटून गालात हसतोय, आणि पाय परत सुरू.

"अगं गाणंच थांबतं तिथे," म्हणायचा. "सारखी काय बघायला येतेस, मी काय पळून जातोय?"

मग तिनं जाणं सोडलं.

त्या दिवशीही पाय थांबला. मावशीला वाटलं, थांबलं असेल गाणं. चादरीमागून चादर घडी करत राहिली. ढीग संपवून चहा घेऊन आत गेली तर सगळं संपलेलं. रेकॉर्ड तेवढी फिरत होती.

माणसं भेटून गेली, घर रिकामं झालं, आमची आई तिच्या सोबतीला राहिली. मावशी जेवेना की झोपेना. तिला एकच लागून राहिलं, गाणं थांबलं होतं का पोरगं? आई सांगून दमली की लगेच कळलं असतं तरी काही हातात नव्हतं. ते तिच्या डोक्यातच शिरेना.

रेकॉर्ड वाजवायचं मशीन दांडग्याच्या दोस्ताचं होतं, रेडिओ दुरुस्तीवाल्याचं. तो न्यायला आला तेव्हा मावशी म्हणाली, ने, पण आधी मला एकदा ऐकव.

"मावशी, याला पंक म्हणतात," तो म्हणाला. "जुनी आहे, लई गाजलेली. पण तुम्हाला नाही सोसायची."

"मी काय काय सोसलंय ते तुला माहीत नाही. लाव."

त्यानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले, सुई ठेवली. मावशी अशी दचकली, जसं भांड्यांचं फडताळच अंगावर कोसळलं. कोणीतरी घसा फाटेस्तोवर ओरडत होता, एक अक्षर कळत नव्हतं.

"एवढे चिडलेत कुणावर?" तिनं मोठ्यांदा विचारलं.

त्यानं हातानं खूण केली, सगळ्यांवर.

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

आणि मग त्या कल्लोळाच्या खाली तिला पाय सापडला. ढोलावर पडत होता, पण दांडग्याचाच. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला. पुढचा ठोका कुठे पडणार ते तिला आधीच कळत होतं. तिनं आईकडे हात करून चादर मागितली. आईला काही उमजेना, पण दिली. मावशीनं काठ हनुवटीखाली दाबला आणि तशीच उभी राहिली.

ढोल थांबला. एकच माणूस हळूहळू बोलायला लागला, स्वतःशी बोलल्यासारखा. मावशीनं हात पसरले, टोक टोकाकडे न्यायला लागली. टोकं अजून भेटलीही नव्हती तर ढोल धाडकन परत सुरू झाला.

चादर तशीच लोंबत राहिली. मावशी त्या अर्धवट घडीकडे बघत राहिली. त्या दिवशी आख्खा ढीग होता.

तिनं हेडफोन काढले. आईनं विचारलं, "थांबतं का गं?"

"थांबतं," मावशी म्हणाली. "बराच वेळ थांबतं."

आईचा जीव भांड्यात पडला. दोस्ताला ती रेकॉर्ड तोंडपाठ होती. तो मान खाली घालून वायर गुंडाळत बसला.

त्यानंतर आई आंघोळीला गेली आणि आत पाण्याचा आवाज थांबला की मावशी दार वाजवते.

"अगं साबण लावतेय," आई आतून वैतागते. "मी काय पळून जातेय?"

पाणी परत पडायला लागलं की मगच मावशी दारापासून हलते.