मास्तर जिंकले, हे जाहीर करते

आज सकाळी आमचे मास्तर गेले. जाताना मला हरवून गेले.

लिहितेय नात, बोलतेय मी. मला अक्षर येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

सप्तापुरात आमच्या व्हरांड्यात दर रविवारी गाण्याच्या कोड्यांचा अड्डा.
"राग तीन अक्षरी, मधलं काढलं तर पानपट्टीवर मिळतो?"
मारवा! मावा!
असला सगळा टाईमपास.

मास्तर गणिताचे, रिटायर्ड. तरुणपणी एका बुवांकडे गाणं शिकलेले. कोडं घालायचं तर बुवांवरच. दुसऱ्या कुणावर घालायला मन होत नसे.

आणि गुरू आठवले की ह्यांचा हात कानाच्या पाळीला! प्रश्न अर्धाही झालेला नसे.

"तुमचे बुवाच की हो," मी म्हणायची.
"अक्का, प्रश्न तरी संपू द्या!"
"आधी हात खाली घ्या."

मग हात मांडीखाली दाबून बसायला लागले. तरी खांदा उडायचाच.

"तुम्हाला एकदा हरवल्याशिवाय मी मरत नाही, अक्का."
"मग जगा की शंभर वर्षं!"

मागच्या रविवारी ते अंथरुणावर, म्हणून अड्डा त्यांच्या घरी केलगेरीला.

"बुवांच्या मागं तंबोऱ्यावर एक शिष्य," कान धरून झाला, हात परत पांघरुणावर. "भर मैफलीत बुवा म्हणाले, आता तू गा. हा पाणी पिऊन येतो म्हणून उठला, तो थेट अळणावरच्या गाडीत. पुन्हा स्टेजवर चढला नाही. कोण?"

मी हाताकडे बघत बसले. हात गप्प.
बुवांचे होते नव्हते तेवढे शिष्य आम्ही सांगून टाकले. सगळे चूक.

"हरलात?"
"हरले बाबा. कोण तो?"
"मी."

स्वतःच्या नावाला कुणी कान धरतं होय!

मास्तर लहान पोरासारखे हसत सुटले.
"गेद्दे, अक्का! जिंकलो! फेसबुकवर टाका हे."
"आणि पळून गेलात ते?"
"तेही टाका. जन्मभर लपवलं, आता कशाला?"

म्हणून टाकतेय.

दोघातिघांनी विचारलं, मुद्दाम हरलात ना?
छे हो. नवऱ्यालासुद्धा मी पत्त्यात कधी जिंकू दिलं नाही.

मास्तर, खरेखुरे जिंकलात. आता खुशाल जा.

भावपूर्ण वगैरे नात लिहील. माझा आपला साधा नमस्कार.