मामंजींची साखर

साखरेचं मन ओळखणारा एकच माणूस कोल्हापूर जिल्ह्यात होऊन गेला आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मामंजींनी तीसेक गळीत हंगाम एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले होते. उसाच्या रसाचा नमुना घ्यायचा, त्यातली गोडी मोजायची आणि आकडा वर पाठवायचा, एवढंच काम. निवृत्त होऊन कळंब्याच्या घरी येऊन बसले, पण काम काही अंगातून गेलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पानातली जिलेबी दोन बोटांत धरून पाकाची तार बघायचे. शेजारचा बिचारा बघतच राहायचा. चहाचा नुसता वास घेऊन "अर्धा चमचा जादा पडलाय" म्हणायचे आणि ते दरवेळी खरं निघायचं, म्हणून तर मला जास्त राग यायचा.

रसवंतीसमोरून त्यांना घेऊन जाणं म्हणजे माझी परीक्षाच असायची. आधी वाकून चरकाचे रूळ बघणार, सकाळी गरम पाण्यानं धुतले होते का विचारणार. न धुतलेल्या चरकात जंतू होतात, जंतू रसातली साखर खातात, मग रस आंबतो आणि बुळबुळीत होतो, हे पुराण तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना उभ्यानं ऐकावं लागायचं. एकदा रसवाला वैतागून म्हणाला, "पावणं, रस पिणार हाय का नुस्ती तपासणी?" मामंजींनी शांतपणे सांगितलं की त्यांना मधुमेह आहे, ते रस पीत नाहीत. त्या दिवसापासून मी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

हो, ज्यानं जन्मभर साखर मोजली त्यालाच मधुमेह झाला होता. पण तोही त्यांनी कारखान्यासारखा चालवला. रोज सकाळी बोट टोचून यंत्रावर साखर बघायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर, जेवण मोजून, आणि तलावाच्या बाजूला एक लांब फेरी. एवढ्या शिस्तीच्या माणसाला काही होईल असं आमच्या मनातसुद्धा आलं नाही.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीत फेरीला जाताना त्यांच्या बुटात खडा गेला. मधुमेहानं पावलं बधिर झालेली, त्यामुळे तो टोचलाच नाही. त्याच खड्यावर अख्खी फेरी मारून आले. करंगळीखाली फोड आला, फुटला, त्यात पू झाला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते मोजे धुताना, वासावरून. मी चाचरत विचारलं, तर ते चक्क खुशीत हसले.

"जंतू साखर खात्यात, तीस वर्सं बघितलंय मी," ते म्हणाले. "रक्तातली खाल्ली तर माझ्या फायद्याचंच हाय की. ऱ्हाऊ देत चार दिस. आन् ह्याला सांगू नको."

'ह्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. आता खरं सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. जखम चिघळली की रक्तातली साखर उतरत नाही, उलट चढते, हे मला माहीत होतं. पण सासऱ्यांना पाय दाखवा म्हणायचं, तुमचं चुकतंय म्हणायचं, हे आमच्या घरात सुनेच्या तोंडी शोभत नव्हतं. आणि साखरेबद्दल त्या माणसाला मी काय शिकवणार? मी हसले आणि मोजे दोरीवर वाळत घातले.

दोन दिवसांत आकडे चढायला लागले. ज्या माणसानं जन्मात मोजमापावर संशय घेतला नाही, तो म्हणाला की यंत्राच्या पट्ट्या जुन्या झाल्यात. नव्या पट्ट्या आणल्या, त्यांवरही आकडे चढेच आले, तेव्हा मामंजींनी मोजणंच थांबवलं. कॅलेंडरवरचे रिकामे चौकोन मी रोज स्वयंपाकघरातून बघत होते आणि गप्प होते. आठव्या दिवशी ते हुडहुडी भरून पडले. नवऱ्यानं मोजा ओढून काढला तेव्हा अर्धं पाऊल काळंनिळं झालेलं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जंतुसंसर्गानं साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेत जंतू आणखी फोफावतात. दोघं एकमेकांना पोसत राहतात. पाऊल वाचलं, पण दोन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर मामंजींनी आपल्या जखमेतले जंतू सूक्ष्मदर्शकातून बघायचेच, असा हट्ट धरला. चाकाच्या खुर्चीवरून नेऊन दाखवले शेवटी. पुष्कळ वेळ बघत बसले. खोलीत परत आल्यावर आम्ही दोघंच होतो.

"तुला ठाऊक हुतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. तुम्ही मोठे, म्हणून बोलले नाही, असं कसंबसं म्हणाले.

"नमुन्यापुढं कोण ल्हानमोठं नसतंय, पोरी."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यापासून रोज संध्याकाळी ते खुर्चीत बसायचे आणि मी खाली बसून त्यांचे पाय मांडीवर घ्यायची. टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्या, सगळं बॅटरीच्या उजेडात बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. शेजारणी काय म्हणतील, याची पहिले काही दिवस मला लाज वाटली, मग गेली. कुठं कातडी फाटली असली तर तेही सांगायचं. मी काही लपवतेय का, हे ते माझ्या तोंडाकडे बघून ताडायचे. पायाला काहीच झालेलं नसेल तर "स्वच्छ" म्हणायचं. मग ते कॅलेंडरवर खूण करायचे. चार वर्षं यात एक दिवस खाडा झाला नाही.

यंदा उन्हाळ्यात ते हृदयविकारानं गेले. अंगणात ठेवलं होतं. घरातले एकेक करून पाया पडत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वाकले आणि डोकं टेकवायच्या आधी हात आपोआप बोटांकडे गेले. उरलेली आठ बोटं मी एकेक उघडून बघितली. सगळे थांबून माझ्याकडे बघत होते.

"स्वच्छ हाय, मामंजी," मी म्हणाले.